विद्वत्सभेचे दार

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. हिमायतनगर परिसरातील आमच्या श्रद्धावंतांपैकी एक शेतकरी गृहस्थ रविवारच्या मिस्सानंतर मागे थांबले. त्यांच्या हातात मुलीला आलेले एक पत्र होते. मुलगी हैदराबादेस राहून रशियन भाषा शिकली होती आणि तिने पाठविलेला निबंधाचा सारांश युरोपातील एका विद्वत्परिषदेने स्वीकारला होता. पंधरा मिनिटे निबंध वाचावयाचा, पाच मिनिटे प्रश्नांना उत्तरे द्यावयाची. आणि त्यासाठी नोंदणीशुल्क, विमानाचे भाडे, व्हिसा, चार रात्रींचा मुक्काम! ते गृहस्थ म्हणाले, "फादर, पंधरा मिन्टं बोलायसाठी एवढ्या लांब कशाला जावं लागतंय? टपालानं धाडलं तर चालत नाही का?"

त्या दिवशी आम्हांला नीट उत्तर देता आले नाही. "पाहू" एवढेच आम्ही म्हणालो. पाहता पाहता शुल्क भरण्याची तारीख उलटून गेली आणि ते पत्र त्या घरच्या पेटीत पडून राहिले. दोष कोणा परक्याचा नव्हे, आमचाच. प्रस्तुत लेख म्हणजे त्या गृहस्थांच्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर होय. ते आम्ही इतिहासाच्या आधाराने देऊ इच्छितो; कारण हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. ज्यांच्या घरात पहिल्यानेच कोणी उच्च शिक्षण घेत आहे अशा प्रत्येक कुटुंबाचा तो प्रश्न आहे.

प्रथम विषयाची ओळख करून घेऊ. रशियन, युक्रेनियन, पोलिश, चेक, स्लोव्हाक, बल्गेरियन, सर्बियन, क्रोएशियन या भाषा एका कुळातल्या आहेत. जशा मराठी, कोकणी, गुजराती आणि हिंदी या आपसांत बहिणी लागतात, तशाच. या कुळाला स्लाव असे नाव आहे. पोप दुसरे जॉन पॉल हे या कुळातील पोलिश भाषेचे पुत्र. या लोकांच्या भाषा, साहित्य, इतिहास व धर्मजीवन यांचा अभ्यास म्हणजे स्लावविद्या. तिला कॉकेशस आणि मध्य आशिया या प्रदेशांच्या अभ्यासाची जोड दिली म्हणजे यूरेशियाविद्या होते. मराठवाड्यातील मुलामुलींचा या विद्येशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो जुना आहे.

स्लावविद्येच्या उगमापाशीच आपल्याला दोन संत भेटतात. थेसालोनिकाचे बंधू संत सिरिल आणि संत मेथोडियस हे ८६३ साली मोराव्हिया देशी सुवार्ता सांगण्यास गेले. तेथील लोकांच्या भाषेला लिपी नव्हती. सिरिल यांनी ती घडविली आणि उपासनेचे ग्रंथ त्या भाषेत आणले. लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू या तीनच भाषांत देवाची स्तुती करावी असे मानणारे पुष्कळ धर्मपंडित त्या काळी होते. ८६७ साली व्हेनिस नगरात बिशप, धर्मगुरू आणि मठवासी यांची सभा सिरिल यांच्यासमोर उभी राहिली. सिरिल यांनी दाखवून दिले की पाऊस आणि सूर्यप्रकाश देव सर्वांना सारखाच देतो, आणि लोकांना कळेल अशा वाणीत बोलावे हीच संत पौलाची शिकवण आहे. पुढे रोममध्ये पोप दुसरे एड्रियन यांनी स्लाव भाषेतील ग्रंथांना आशीर्वाद दिला. १४ फेब्रुवारी ८६९ रोजी सिरिल रोममध्येच प्रभूच्या घरी गेले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८५ साली 'स्लावोरुम आपोस्तोली' हे विश्वपत्र लिहून या बंधूंच्या कार्याचा गौरव केला.

येथे आपल्या शेतकरी बंधूंच्या प्रश्नाचे पहिले उत्तर मिळते. सिरिल यांनी आपले म्हणणे लिहून पाठविले असते तर कदाचित ते वाचलेही गेले नसते. ज्या सभेत एखाद्या भाषेला जागा नाही, त्या सभेत त्या भाषेच्या वतीने कोणीतरी स्वतः उभे राहावे लागते. जे काम स्लाव लोकांसाठी सिरिल यांनी केले, त्याच जातीचे काम आपल्याकडे फादर थॉमस स्टीफन्स यांनी केले. १५७९ साली गोव्यास आलेल्या या इंग्रज येशूसंघीय धर्मगुरूंनी तारणाची कथा मराठी ओव्यांत गुंफली, आणि १६१६ साली त्यांचे 'क्रिस्तपुराण' छापून निघाले. मातृभाषेतून देवाशी बोलण्याचा हक्क हा स्लाव आणि मराठी ख्रिस्ती परंपरांना जोडणारा एक धागा आहे.

दुसरा धागा आमच्या अगदी उंबरठ्याशी येतो. हिमायतनगरहून सकाळी निघालेला मनुष्य संध्याकाळच्या आत बीदरला पोहोचतो. लातूर जिल्ह्यातील उदगीर तर बीदरच्या शेजारचेच. पंधराव्या शतकात बीदर ही बहामनी राज्याची राजधानी होती, आणि आमच्या भागातील माहूर हे त्या राज्याच्या एका सुभ्याचे ठाणे होते. राज्याचा वजीर महमूद गावान हा मूळचा कास्पियन समुद्राकाठच्या गिलान प्रांताचा. त्याने बीदरला उभारलेली मदरशाची वास्तू आजही भग्नावस्थेत उभी आहे. इराण आणि मध्य आशियातील पंडितांनी तेथे येऊन राहावे म्हणून तो निमंत्रणे धाडीत असे. ज्याला आज आपण यूरेशिया म्हणतो, तेथील विद्वान एके काळी आमच्या शेजारी येत होते. आम्हांला तिकडे जावे लागत नव्हते!

त्याच काळात या मुलखात एक रशियन ख्रिस्ती व्यापारी आला. त्याचे नाव अफानासी निकितिन. व्होल्गा नदीवरील त्वेर या गावाहून निघून, एक घोडा विकण्यासाठी बरोबर घेऊन, तो चौलच्या बंदरात उतरला आणि जुन्नरमार्गे बीदरला पोहोचला. सुमारे तीन वर्षे तो या देशात होता. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर घोडा व वर हजार मोहरा देईन, असे सांगितले. चार दिवसांची मुदत होती. पवित्र मरियेच्या सणापूर्वीच्या उपवासाचे ते दिवस होते. तेवढ्यात महंमद नावाचा एक खुरासानी गृहस्थ जुन्नरला आला, त्याने निकितिनसाठी शब्द टाकला आणि घोड्यासह त्याची सुटका झाली. एका ख्रिस्ती माणसाच्या श्रद्धेचे रक्षण एका परदेशी मुसलमानाने केले, ही गोष्ट निकितिनने कृतज्ञतेने लिहून ठेवली आहे.

वाचकहो, त्याच्या लिखाणात आम्हांला सर्वांत अधिक हृदयस्पर्शी वाटते ते त्याचे दुःख. वाटेत लुटारूंनी त्याचे धर्मग्रंथ नेले होते. त्यामुळे उपवासकाळ केव्हा लागतो, पुनरुत्थानाचा सण कोणत्या दिवशी येतो हे त्याला कळेना. आजूबाजूला एकही ख्रिस्ती नाही, हाताशी पंचांग नाही. तेव्हा तो अंदाजाने उपवास धरी आणि अंदाजानेच पास्खाचा सण पाळी. दूरच्या तांड्यावर किंवा वाडीत एकटेच ख्रिस्ती कुटुंब असले म्हणजे काय होते, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको. निकितिन परतीच्या वाटेवर स्मोलेन्स्कच्या जवळ वारला, त्वेरला पोहोचला नाही. त्याची वही मात्र पोहोचली. रशियन इतिहासकार करमझिन यांना ती एका मठाच्या ग्रंथालयात सापडली आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जगापुढे आली. 'तीन समुद्रांपलीकडील प्रवास' या नावाने ती आज स्लावविद्येच्या अभ्यासक्रमात वाचली जाते. तिच्या शेवटी असलेल्या अरबी, फारसी व तुर्की शब्दांच्या प्रार्थनेवरून निकितिनची श्रद्धा अखेर कोणती उरली होती, याविषयी विद्वानांत अजूनही वाद चालतो.

आमच्या धर्मग्रामातील त्या मुलीचा निबंध याच विषयावर होता: निकितिनचा हरवलेला पास्खा. बीदर, कलबुर्गी, आळंद या गावांची नावे तिला नकाशात शोधावी लागत नाहीत. एकटे ख्रिस्ती घर सण कसा पाळते हेही तिला पुस्तकातून शिकावे लागले नाही. परदेशीच्या मोठ्या विद्यापीठातील अभ्यासकाजवळ जे नाही ते तिच्याजवळ होते. तिच्याजवळ नव्हते ते फक्त भाडे.

आता विद्वत्परिषदांच्या इतिहासाकडे वळू. प्राच्यविद्येच्या अभ्यासकांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १८७३ साली पॅरिसला भरली, दुसरी १८७४ साली लंडनला आणि तिसरी १८७६ साली रशियाच्या राजधानीत, सेंट पीटर्सबर्गला. लंडनच्या परिषदेस शंकर पांडुरंग पंडित स्वतः हजर होते. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना निमंत्रण असूनही जाता आले नाही. नाशिकच्या शिलालेखांवरील त्यांचा निबंध तेवढा तेथे गेला. म्हणजे 'टपालानं धाडलं तर चालत नाही का' हा प्रश्न भांडारकरांनाही पडला असणार! परंतु १८८६ साली व्हिएन्नाची परिषद आली तेव्हा ते मुंबई सरकारचे प्रतिनिधी म्हणून स्वतः गेले आणि परत आल्यावर त्या भेटीचा वृत्तान्त त्यांनी लोकांपुढे मांडला. ज्यांचे ग्रंथ आपण वाचतो त्यांच्याशी समोरासमोर बसून बोलणे ही गोष्ट निराळीच असते. येथे आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. भांडारकरांची विद्वत्ता त्यांची स्वतःची होती, परंतु प्रतिनिधी म्हणून त्यांना पाठविणारे कोणीतरी होते. विद्वान माणसाच्या मागे असा पाठविणारा लागतोच.

१९२९ हे वर्ष या कथेत विलक्षण आहे. त्या वर्षी प्राग येथे स्लावविद्येच्या अभ्यासकांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. त्याच वर्षी पोप अकरावे पायस यांनी रोममध्ये 'रुस्सिकुम' हे रशियन परंपरेच्या अभ्यासाचे धर्मगुरू-विद्यालय स्थापन केले. आणि त्याच वर्षी गोव्यातील साखवाळ गावी जन्मलेले धर्मानंद कोसंबी लेनिनग्राडला गेले. तेथील बौद्ध संस्कृतीच्या संस्थेत फ्योदोर श्चेर्बात्स्की यांच्यासारखे थोर पंडित काम करीत होते, आणि पाली भाषेचा जाणता म्हणून कोसंबींना तेथे मान होता. लहानपणी गावात धड शाळाही न लाभलेला हा माणूस श्रीलंका, अमेरिका आणि रशिया या तिन्ही ठिकाणी विद्येच्या बळावर पोहोचला. १९३० साली परत येऊन त्यांनी मिठाच्या सत्याग्रहात उडी घेतली. परंतु त्यांनी पाहिलेले ते विद्यापीठ फार दिवस टिकले नाही. १९३७ साली तेथील तरुण पंडित आंद्रेई वोस्त्रिकोव यांना सोव्हिएत सत्तेने गोळ्या घातल्या. विद्वत्सभेचे दार किती नाजूक असते, हे यावरून कळते. पैशाच्या अभावी ते बंद राहते. कधी सत्तेच्या भीतीनेही बंद होते.

युद्धानेही ते बंद होते. स्लावविद्येची तिसरी परिषद १९३९ साली बेलग्रेडला ठरली होती. दुसऱ्या महायुद्धामुळे ती भरलीच नाही. पुढची परिषद १९५८ साली मॉस्कोस भरली. तेथून ती साधारणपणे दर पाच वर्षांनी भरत आली आहे. १९६० साली प्राच्यविद्येची परिषदही मॉस्कोत झाली आणि १९६४ च्या जानेवारीत ती नवी दिल्लीस आली. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईत पवित्र प्रभुभोजनाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि पोप सहावे पॉल तिला आले, हे आमच्या पिढीच्या वडीलधाऱ्यांच्या स्मरणात होते. त्या एका वर्षी विद्येचे आणि श्रद्धेचे असे दोन्ही मेळे भारताने पाहिले.

या काळात मराठी माणसाने रशियाकडे नेलेली सर्वांत ठळक पायवाट कोणा प्राध्यापकाची नाही. ती अण्णा भाऊ साठे यांची आहे. शाळेचे शिक्षण जवळजवळ न मिळालेला हा लेखक १९६१ साली रशियास गेला आणि 'माझा रशियाचा प्रवास' हे पुस्तक घेऊन आला. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोतील परकीय साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसविण्यात आला. त्याच सुमारास तिकडूनही कोणी आपल्याकडे पाहत होते. १९६३ साली तात्याना कातेनिना यांचे मराठी भाषेच्या व्याकरणावरील रशियन पुस्तक प्रसिद्ध झाले.

आणि १९९५ साली एक अपूर्व गोष्ट घडली. महाराष्ट्राची संस्कृती व समाज या विषयावरील आंतरराष्ट्रीय परिषद मॉस्को येथे भरली. सोव्हिएत संघ विसर्जित होऊन अवघी चार वर्षे झाली होती. अशा वेळी आयरिना ग्लुश्कोवा या रशियन विदुषीच्या पुढाकाराने देशोदेशींचे अभ्यासक तेथे जमले, आणि बोलण्याचा विषय होता मराठी माणसाचे घर. त्या सभेतील निबंधांतून पुढे १९९८ व १९९९ साली दोन इंग्रजी ग्रंथ निघाले. एकाच्या संपादनात ग्लुश्कोवा यांच्यासह ॲन फेल्डहाऊस होत्या, दुसऱ्याच्या संपादनात राजेंद्र व्होरा. आपला उंबरठा, आपली ओसरी, आपली नातीगोती यांची चर्चा मॉस्कोत झाली. आपल्या घराविषयी इतरांनी बोलावे ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्या बोलण्यात आमच्या घरातील कोणी असावे, ही अपेक्षा काही अवाजवी नाही.

आज स्थिती काय आहे? स्लाव आणि यूरेशियाविद्येच्या अभ्यासकांचे जागतिक अधिवेशन १९७४ पासून दर पाच वर्षांनी भरते. २०२५ साली ते लंडनला झाले. अमेरिकेतील अभ्यासकांची मोठी संघटना दर वर्षी आपले अधिवेशन भरविते. स्लावविद्येची परिषद २०२३ साली पॅरिसला व्हावयाची होती, ती पुढे जाऊन २०२५ साली झाली. २०२२ साली रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यापासून या विद्येतच मोठे मंथन सुरू आहे. आजवर सारा प्रदेश मॉस्कोच्या खिडकीतून पाहिला गेला. आता युक्रेनियन, कझाक, जॉर्जियन अशा भाषांचे म्हणणे त्यांच्याच तोंडून ऐकावे, असा आग्रह धरला जात आहे. २०२३ साली त्या अमेरिकन संघटनेने आपल्या अधिवेशनाचा विषयच वसाहतवादापासून मुक्ती असा ठेवला होता. पाहा, व्हेनिसच्या सभेत संत सिरिल यांना पडलेला प्रश्नच अकराशे वर्षांनी पुन्हा उभा राहिला आहे!

आपल्या देशात ही विद्या शिकण्याची सोय नाही असे नव्हे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात रशियन अभ्यासाचे केंद्र आहे. मुंबई विद्यापीठातील सोव्हिएत अभ्यासाच्या केंद्राचे पुढे मध्य यूरेशिया अभ्यासाचे केंद्र असे नामांतर झाले. पुण्यात आणि हैदराबादेत रशियन भाषा शिकविली जाते. नांदेडला १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. इतिहास आणि भाषाशास्त्र यांचा पाया तेथे घालता येतो.

परिषदेची रीत आईबापांनी समजून घेतली पाहिजे. परिषद भरण्याच्या आठ-दहा महिने आधी आवाहन निघते. त्याला दोन-तीनशे शब्दांचा सारांश पाठवावयाचा असतो. तो स्वीकारला गेला की शुल्काची तारीख येते, आणि प्रवासासाठी साहाय्य हवे असल्यास त्याचा अर्ज निराळा असतो. तो बहुधा शुल्काच्याही आधी करावा लागतो. दूरच्या देशांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी काही परिषदा शुल्कात सवलत ठेवतात. हे सारे ज्याला ठाऊक असते त्याच्या वाट्याला ते येते. मोठ्या शहरातील मुलाला हे त्याचे प्राध्यापक सांगतात. आमच्या मुलीला सांगणारे कोणी नव्हते, आणि ज्याने चौकशी करावयाची तो धर्मगुरू "पाहू" म्हणून मोकळा झाला.

त्या मुलीचे पुढे काय झाले, हे वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल. २०२० च्या महामारीनंतर अनेक सभा संगणकाच्या पडद्यावर होऊ लागल्या. माँट्रियलचे जागतिक अधिवेशनही २०२१ साली तसेच झाले. अशाच एका छोट्या सभेत तिने आपला निबंध घरच्या ओसरीवर बसून वाचला. त्या पंधरा मिनिटांत वीज गेली नाही, हे परमेश्वराचे उपकार! तिचे वडील दाराशी उभे होते. मुलगी कोणत्या भाषेत काय बोलते हे त्यांना कळले नाही. पण पडद्यावरील एका वृद्ध प्राध्यापकाने तिला दोनदा प्रश्न विचारला आणि तिने दोनदा उत्तर दिले, एवढे त्यांनी पाहिले. सभा संपली तेव्हा पडदा काळा झाला. "आता त्या मास्तराशी अजून बोलायचं असंल तर?" त्यांनी विचारले. मुलगी म्हणाली, "त्यासाठीच जावं लागतं, बाबा."

आम्ही ज्याचे उत्तर देऊ शकलो नव्हतो, ते तिने चार शब्दांत दिले. निबंध टपालाने जातो, तारेनेही जातो. पण निबंधानंतर चहाच्या पेल्यापाशी जे बोलणे होते, ज्यातून पुढचे शिक्षण, पुढचे पुस्तक आणि पुढचे निमंत्रण निघते, ते माणूस गेल्याखेरीज मिळत नाही. भांडारकर म्हणूनच व्हिएन्नास गेले, कोसंबी म्हणूनच लेनिनग्राडला गेले.

आपल्या धर्मग्रामात सणाच्या मंडपावर आणि बँडवर आपण मोकळ्या हाताने खर्च करतो. तो करू नये असे आम्ही म्हणत नाही. सण हा देवाचाच आहे. त्यातला एक लहान वाटा शिकणाऱ्या मुलामुलींच्या प्रवासासाठी बाजूला काढावा, एवढीच विनंती आहे. संत सिरिल आणि संत मेथोडियस यांचा स्मरणदिन १४ फेब्रुवारीस येतो. त्या दिवसाच्या मिस्सात यंदापासून आम्ही अशा निधीसाठी दानपेटी ठेवीत आहोत, आणि मंदिराच्या फलकावर लग्नाच्या जाहीरनाम्यांशेजारी परिषदांच्या अर्जांच्या तारखाही लावीत आहोत. पहिली तारीख लिहून झाली तेव्हा तेच शेतकरी गृहस्थ फलकापाशी बराच वेळ उभे होते. त्यांनी खिशातून कागद काढला आणि ती तारीख उतरवून घेतली.